हक्काची दहा मिनिटं

दुपारचे साडेतीन वाजले असतील. येडशीतल्या आमच्या वस्तीत एक मावशी उंबऱ्यावर बसून तळहातावरच्या काळ्या पुडीत बोट बुडवत होत्या आणि दातांवरून फिरवत होत्या. मी तेव्हा नुकतीच दवाखान्याची नोकरी सोडून वस्त्यांमध्ये आरोग्याचं काम करू लागले होते. नवा उत्साह होता. मिसरीनं तोंडाचा कॅन्सर होतो, हिरड्या सडतात, असं सगळं पाठ केलेल्या धड्यासारखं त्यांना ऐकवलं. मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं, बाजूला थुंकल्या आणि म्हणाल्या, “सिस्टर, सोडते की मिसरी. पण मग मी बसू कशाला? तोंडात मिसरी असली की घरात कुणी हाक मारत नाही. नुसतीच बसले तर म्हणतेत, रिकामी बसलीय.”

नर्सिंगच्या डिप्लोम्यात या प्रश्नाचं उत्तर कुठंच नव्हतं. मी त्या दिवशी गप्प बसून परत आले. पुढं किती तरी घरांत हेच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत ऐकलं, तेव्हा कळलं की मावशींनी मला मिसरीबद्दल सांगितलंच नव्हतं. दिवसभरात बसण्यासाठी बाईला काहीतरी निमित्त लागतं, हे त्या सांगत होत्या.

आधी मिसरीचं बघू, कारण ती खरंच वाईट आहे. तंबाखू तव्यावर किंवा पत्र्यावर काळी होईपर्यंत भाजायची आणि कुटून पूड करायची, ती मिसरी. दात दुखतो, पोट साफ होत नाही, पहिल्या गरोदरपणात कोरड्या उलट्या थांबत नाहीत, असं काहीतरी कारण होऊन आईनं, सासूनं नाहीतर जावेनं ती पहिल्यांदा हातावर ठेवलेली असते. सुरुवात औषध म्हणून होते, त्यामुळे तिला कुणी व्यसन म्हणत नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १७ टक्के स्त्रिया कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत असल्याचं दिसलं. मुंबईत १,२१७ गरोदर स्त्रियांचा पाठपुरावा करून झालेला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात तंबाखू वापरणाऱ्या स्त्रिया मुख्यतः मिसरीच लावत होत्या, आणि त्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं कमी वजनाची जन्मली. आधीच सव्वादोन किलोच्या बाळाला शंभर ग्रॅम म्हणजे काय, हे प्रसूतिगृहात काम केलेल्या कुणालाही विचारा.

मिसरी लावल्यावर बरं का वाटतं? तोंडाच्या आतल्या नाजूक त्वचेतून निकोटीन रक्तात उतरतं, मेंदूपर्यंत जातं आणि थोडा वेळ हुशारी वाटते. साधारण दोन तासांत रक्तातलं निकोटीन निम्म्यावर येतं. मग डोकं जड होतं, चिडचिड होते, कामात मन लागत नाही. बाईला वाटतं हा कामाचा शीण आहे. त्यातला बराचसा त्रास मिसरीनंच उभा केलेला असतो. पुन्हा बोट फिरवलं की तो जातो. सावकारानं आधी आपलाच खिसा कापायचा आणि त्यातले चार आणे आपल्यालाच उसने द्यायचे, तसा हा व्यवहार आहे.

पण त्याच दहा मिनिटांत आणखी एक गोष्ट घडते, आणि ती खोटी नाही. बाई खाली बसते. पहाटेपासून उभे असलेले पाय सैल पडतात. श्वास सावकाश होतो. समोरचा रस्ता दिसतो, शेजारणीशी दोन शब्द होतात. मिसरीच्या डबीत तंबाखू आणि विसावा एकत्र भरलेले असतात. आम्ही आरोग्यवाले जाऊन डबी फेकून द्या म्हणतो, तेव्हा तिचा विसावाही फेकायला सांगतो. मग ती ऐकत नाही, आणि आम्ही वहीत लिहितो, ‘समुपदेशन केले, प्रतिसाद नाही.’

नंतर मी बायकांच्या बैठकीत एक साधा खेळ सुरू केला. प्रत्येकीला चोवीस हरभरे द्यायचे, एका तासाला एक. जमिनीवर खडूनं चौकोन आखायचे: झोप, स्वयंपाक, पाणी, धुणी-भांडी, शेतातलं काम, जनावरं, लेकरं, म्हातारी माणसं. शेवटी एक रिकामा चौकोन आणि त्याचं नाव ‘मी’. लिहिता न येणारीलाही हे सहज जमतं. पहिल्यांदा खेळ घेतला तेव्हा अकराजणी होत्या. सगळ्यांचे हरभरे संपले आणि ‘मी’चा चौकोन तसाच राहिला. बायका हसायला लागल्या. एकीनं झोपेच्या चौकोनातला एक हरभरा उचलला, दातानं फोडला आणि त्यातली एक डाळ माझ्याकडे बघत ‘मी’मध्ये ठेवली. “ही माझी मिसरी,” म्हणाली. कुणाच्या झोपेत पाच हरभरे होते, कुणाच्या साडेपाच.

आमचा हिशेब हरभऱ्यांचा, सरकारचा मिनिटांचा. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०१९ साली देशभर लोकांचा वेळ मोजला. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, पुरुष ९७ मिनिटं. त्यातही असं काम करणाऱ्या स्त्रिया शंभरात ८१ होत्या आणि पुरुष शंभरात २६. म्हणजे उरलेल्या चौऱ्याहत्तर पुरुषांच्या नावावर त्या दिवशी घरातलं एकही मिनिट नव्हतं. हे वाचून घरातल्या पुरुषांनी रागावू नये. मासिक पुढच्या खोलीत ठेवलं तर ते वाचतील, एवढंच माझं म्हणणं आहे.

विसावा मागणं हे लाडाचं लक्षण आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी आपल्या रविवारचा इतिहास आठवावा. मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. महात्मा फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधू’ चालवणारे सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. तिथं ठरलेल्या मागण्यांवर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या झाल्या. मागण्या काय होत्या? रविवारची सुट्टी. सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम. पगार वेळेत. कामावर इजा झाली तर भरपाई. आणि दुपारी अर्धा तास मधली सुट्टी. अर्धा तास! आपण दहा मिनिटं मागताना चाचरतो. पुढं २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले, आणि त्या सभेत दोन स्त्री कामगार भाषणाला उभ्या राहिल्या. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. दुसऱ्या वर्षीच्या, १८९१ च्या कारखाना कायद्यानं स्त्री कामगारांना दिवसाला अकरा तासांची मर्यादा घातली आणि त्यात दीड तासाची विश्रांती दिली.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्यांच्याच कारकिर्दीत १९४५ साली कारखान्यातल्या कामगारांना पगारी रजेचा हक्क मिळाला आणि १९४६ च्या दुरुस्तीनं बारमाही कारखान्यांतला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला.

हे सगळे हक्क कारखान्याच्या फाटकापर्यंत आले आणि तिथंच थांबले. चुलीला मधली सुट्टी नाही. उलट रविवारी घरात सगळे असतात, मटण नाहीतर अंडी शिजतात, आठवड्याचं धुणं निघतं, पाहुणे येतात. ज्या रविवारासाठी दोन बायका भर सभेत उभ्या राहिल्या, तो बाईच्या वाट्याला सर्वांत जड दिवस म्हणून आला.

आता शरीराचं. कामाचा ताण आला की शरीर अॅड्रिनलीन आणि कॉर्टिसॉल ही द्रव्यं सोडतं. नाडी वाढते, रक्तदाब चढतो, रक्तात साखर वाढते. अंगावर साप पडला तर पळायला याचा उपयोग आहे. साप निघून गेला की हे सगळं खाली यायला हवं. आमच्या बायकांच्या अंगावर दिवसभर छोटे छोटे साप पडत राहतात: नळ गेला, गॅस संपला, मुकादमानं हाक मारली, लेकरू पडलं. खाली यायला फट मिळत नाही. वर्षानुवर्षं असं चाललं की रक्तदाब चढलेलाच राहू लागतो, झोप उडते, पोट बिघडतं. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली मिळून एक निष्कर्ष जाहीर केला: आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त असतो. हरभऱ्यांच्या खेळात आमच्या अकराजणींपैकी एकीचेही तास आठवड्याला ५५ च्या आत नव्हते.

माझंही सांगते, नाहीतर सगळं दुसऱ्यांवर ढकलल्यासारखं होईल. मी काम करत होते त्या दवाखान्यात रात्रपाळीच्या सिस्टरनं बसायचं नाही, असा अलिखित नियम होता. खुर्ची डॉक्टरांसाठी. मात्र चहा पिताना कुणी काही म्हणत नसे. त्यामुळे मी चहा प्यायचे, रात्रीत सहा-सात कप, साखर घालून, जेवणाच्या डब्याबरोबरसुद्धा. तीच माझी मिसरी होती. एके पहाटे सलाईन बदलताना डोळ्यांपुढं अंधारी आली. तपासलं तर हिमोग्लोबिन ८.९. जेवणासोबतचा चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही, हे मी पेशंटला रोज सांगत होते. स्वतःला सांगायला वेळ नव्हता.

आता दहा मिनिटं काढायची कशी? माझा पहिला प्रयत्न साफ फसला. सकाळी सहाला विहाराच्या अंगणात व्यायाम आणि ध्यान, असं मी जाहीर केलं. पहिल्या दिवशी चारजणी आल्या, दुसऱ्या दिवशी दोघी, तिसऱ्या दिवशी मी एकटी. कारण अगदी साधं होतं. नळाला पाणी त्याच वेळी यायचं. शिवाय सकाळची वेळ काढायची म्हणजे बाईनं आणखी अर्धा तास लवकर उठायचं, म्हणजे पुन्हा झोपेतलाच हरभरा. तेव्हापासून माझा एक नियम पक्का झाला. स्वतःची वेळ झोपेतून काढायची नाही. मोठ्या माणसाला रोज सात तास तरी झोप लागते. रात्री सगळे झोपल्यावर अंधारात मोबाईल बघत बसणं मला कळतं. दिवसभरात तेवढीच वेळ कुणी मागत नाही. पण एक-एक व्हिडिओ करत बारा वाजतात आणि पहाटे पाच काही थांबत नाहीत.

वेळ झोपेतून नाही, तर कामातून काढायची. त्यासाठी एक काम कायमचं दुसऱ्याच्या हातात द्यावं लागतं. ‘आज जरा मदत कर’ असं म्हणू नका. मदत म्हटली की काम तुमचंच राहतं आणि समोरच्याचे उपकार होतात. दुपारचा चहा बारा वर्षांच्या मुलानं करायचा. रात्रीची भांडी नवऱ्यानं घासायची. दोन्हीपैकी एक, पण रोज. पहिल्या आठवड्यात चहा पाणचट होईल, भांड्याला राख राहील. ते बघून उठू नका. तुम्ही उठलात की काम परत तुमच्याकडे येतं, हे घरातल्या सगळ्यांना चांगलं माहीत असतं.

वेळ ठरलेली हवी आणि मोठ्यानं सांगितलेली हवी. आमच्याकडे बऱ्याच जणींना साडेतीन ते चार सोयीचं पडतं. शेतातल्या कामाला जाणाऱ्यांना दुपारच्या भाकरीनंतर झाडाखाली, नाहीतर संध्याकाळी घरी आल्याबरोबर, चूल पेटवण्याआधी. ही शेवटची वेळ सर्वांत अवघड असते. घरात पाऊल टाकताच चार हाका येतात. पण ती जमली तर सर्वांत जास्त गुण देते. पाय धुवा, पाणी प्या, भिंतीला टेकून पाय थोडे उंचावर ठेवा. ज्यांच्या पोटऱ्यांवर शिरा फुगल्यात त्यांचा ठणका यानं कमी होतो.

शक्यतो सगळ्यांसमोर बसा. आत जाऊन दार लोटून घेतलेला विसावा चोरीचा वाटतो, आणि चोरीच्या गोष्टीला पुन्हा निमित्त लागतं. नवी सून असेल तर हे पहिल्या दिवशी जमणार नाही, ते मला मान्य आहे. तिनं दोघी-तिघी मिळून विहाराच्या पायरीवर बसावं. घरातून एकटी सून उठली तर प्रश्न होतात. चार घरांतून चार सुना उठल्या तर ‘बैठक आहे’ म्हणून चालून जातं. बैठकीत काय चाललंय ते कुणी विचारत नाही. आम्ही कित्येकदा नुसत्या बसलेल्या असतो.

दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या आमच्या बहिणींना मात्र हे सांगताना माझी जीभ अडखळते. तिथं कोयता पहाटे सुरू होतो आणि आजारपणातला खाडासुद्धा उचलीतून कापला जातो. त्यांची दहा मिनिटं त्यांच्या एकट्याच्या हातात नाहीत. ती मुकादम आणि कारखान्याशी होणाऱ्या करारात यायला हवीत, जशी १८८४ च्या मागणीपत्रात मधली सुट्टी आली होती.

या दहा मिनिटांत करायचं काय, असं विचारतात. जे करून जिवाला बरं वाटेल ते. कुणी केस मोकळे सोडून तेल लावतं. कुणी रेडिओवर गाणी ऐकतं. एका ताईंनी बचत गटात सही करण्यापुरती अक्षरं शिकली होती, त्या आता दुपारी शिळा पेपर बोट ठेवून वाचतात. मला स्वतःला पायरीवर बसून काहीही न करायला आवडतं, आणि ते शिकायला मला सहा महिने लागले. हात सारखे काहीतरी निवडायला शोधायचे.

खायची हौस असेल तर ती उरल्यासुरल्यावर भागवू नका. आपल्याकडे बाईचा लाड म्हणजे कढईच्या तळाला लागलेली खरवड. सीताफळाच्या दिवसांत बालाघाटच्या डोंगरातली फळं बाजारात येतात, त्यातलं एक चांगलं बघून स्वतःसाठी बाजूला काढा. भाजलेले शेंगदाणे आणि गूळ ठेवा. आवळा, पेरू, लिंबू जेवणाबरोबर घेतलं तर भाकरी-भाजीतलं लोह जास्त लागू पडतं. चहा प्या, पण जेवणाच्या आधी-नंतर तासभर नको. साखरेचा आजार नसेल तर महिन्याकाठी कुंथलगिरीचा एक पेढाही चालेल. तो मात्र बसून, सावकाश, स्वतःच्या वाटणीचा म्हणून खा. आजार असेल तर पेढा आणि सीताफळ दोन्हींत हात आखडता घ्या.

महिन्यातून एकदा अर्धा दिवस काढता आला तर अंगणाबाहेर पडा. १७ मार्च २०२३ पासून एसटीत स्त्रियांना अर्धं तिकीट आहे. पावसाळ्यात रामलिंगच्या घाटातलं अभयारण्य हिरवंगार होतं आणि ते आपल्या दारातच आहे. बाहेरगावचे लोक गाड्या करून धबधबा बघायला येतात. येडशीत जन्म गेलेल्या किती बायकांनी तो मनासारखा बघितलाय? आम्ही आठजणी एकदा तेरला गेलो. जुनं तगर नगर, सातवाहनांच्या काळातलं व्यापाराचं ठिकाण. तिथलं त्रिविक्रमाचं मंदिर म्हणजे मूळचं बौद्ध चैत्यगृह, आणि लामतुरे संग्रहालयात उत्खननातल्या वस्तू आहेत. आमच्यातल्या एकीला मातीच्या बाहुल्यांपुढून हलवता हलवेना. “दोन हजार वर्षांमागं कुणी लेकराला खेळायला केली असंल,” म्हणत राहिली. परतीच्या एसटीत तिला मिसरीची आठवण झाली नाही. ते तिच्याच लक्षात आलं, संध्याकाळी घरी गेल्यावर.

या सगळ्याच्या आड सर्वांत जास्त येतं ते अपराधीपण. घर अडचणीत, लेकरांची फी राहिलीय, आणि मी बसू? आपल्या समाजात रमाईचा दाखला लगेच दिला जातो. रमाईनं किती सोसलं. खरंच सोसलं. चार लेकरं गमावली, गरिबीत संसार ओढला, आणि दीर्घ आजारानंतर २७ मे १९३५ रोजी ती गेली. तेव्हा तिचं वय सदतीस होतं. तिच्या त्यागापुढं मी रोज नतमस्तक होते. पण नर्स म्हणून ते सदतीस मला टोचतं. जयंतीला भाषणं ऐकताना वाटतं, तिचं नाव घेऊन आपण आजच्या सुनेला पुन्हा तेच सोसायला तर सांगत नाही ना? आणि बाबासाहेबांकडं बघा. एवढा कामाचा डोंगर असणाऱ्या माणसाला व्हायोलिनचा नाद होता, बागेची आवड होती, कुत्र्यांचा लळा होता. त्यांचा वेळ वाया गेला असं आपल्यापैकी कुणी म्हणत नाही.

एक सावधगिरी. विसाव्यानं न जाणारा थकवा हा आजार असू शकतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. चढ चढताना धाप लागते, माती किंवा पाटीची पेन्सिल खावीशी वाटते, नखं पांढरी पडलीत, पाळीत अंगावरून जास्त जातं, असं असेल तर आधी हिमोग्लोबिन तपासा. १२ च्या खाली कमी, गरोदर असाल तर ११ च्या खाली. थायरॉईड, साखर, दोन आठवड्यांहून जुना खोकला, यांचाही थकवा असतो. आणि दोन आठवडे कशातच मन लागत नसेल, रडू येत असेल, जगू नये वाटत असेल, तर ‘जरा फिरून ये’ असं सांगून चालणार नाही. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीत, फुकट बोलता येतं. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची रक्तदाब, साखर आणि तोंडाच्या कॅन्सरची तपासणी उपकेंद्रात होते. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंडात तीन बोटं उभी न जाणं, यातलं काहीही असेल तर मिसरीवाल्या बहिणीनं थांबू नये.

मिसरी सोडायची असेल तर पहिले दोन-तीन दिवस सर्वांत जड जातात, तीन-चार आठवड्यांत बरंच हलकं होतं. तलफेची एक लाट काही मिनिटंच टिकते. तेवढ्यात पाणी प्या, बडीशेप किंवा लवंग तोंडात धरा. पोट साफ न होण्याची तक्रार सुरुवातीला येईलच, सकाळी उठल्यावर दोन पेले कोमट पाणी घ्या. पॅकेटवर छापलेला १८००-११-२३५६ हा मदतीचा क्रमांक फुकट आहे. आणि सर्वांत महत्त्वाचं, मिसरी लावण्याच्या ज्या वेळा होत्या त्या कामाला देऊन टाकू नका. त्या वेळेला बसायचंच. फक्त हातात डबी नको.

उंबऱ्यावरच्या मावशींची सकाळची मिसरी अजून सुटलेली नाही, हे खरं ते सांगते. दुपारची मात्र गेली. परवा साडेतीनला गेले तर त्या तिथंच बसलेल्या होत्या, हात रिकामे, पाय समोर लांब केलेले. आतून नातवानं विचारलं, “आजी, साखर किती टाकू?”

“तुला कळंल तेवढी टाक,” त्या म्हणाल्या आणि मला बसायला थोडं सरकल्या.